चार कॅमेरे, पाचावर धारण

मेमरी कार्ड भरलं की रिकामं करता येतं. भीतीचं तसं नाही. ती साठत जाते आणि चहाला बसलं की किस्सा होऊन बाहेर पडते! जळगावातले आम्ही चौघं: चित्रकला शिकवून निवृत्त झालेले नाना, नर्स वैशाली, चष्म्याचं दुकान असलेला संजय आणि एसटीतला कारकून मी. रविवार उजाडला की कॅमेरे घेऊन बाहेर!

*

हतनूर धरणाच्या काठी मी बदकं टिपायला पुढे सरकलो आणि गुडघ्यापर्यंत गाळात गेलो. पाय उपसायला गेलो तर मांडीपर्यंत! संजय पालथा पडून सरपटत जवळ आला. मी हात पुढे केला.

"हात नंतर," तो म्हणाला, "आधी कॅमेरा दे!"

*

यावलकडच्या जंगलात ओल्या वाटेवर बिबट्याच्या पंजाचा ठसा दिसला. आकाराचा अंदाज यावा म्हणून संजयने शेजारी पेन ठेवला. वैशाली वाकून म्हणाली, "ठशात पाणी अजून झिरपतंय..."

जंगलाकडे तोंड करून, उलट्या पावलांनी जीपपर्यंत आलो.

पेन अजून तिथेच आहे!

*

लळिंगच्या किल्ल्यावर आग्यामोहोळ उठलं. टोपी, ओढणी, जे मिळेल ते तोंडावर घेऊन आम्ही खडकाला चिकटलो. डोक्यावर नुसती घूं घूं. त्यात संजयचा फोन वाजायला लागला, आणि वाजतच राहिला. हलायची कोणाची छाती?

माश्या गेल्यावर त्याने सुजलेल्या कानाला फोन लावला. "अगं, मोहोळाखाली सापडलो होतो!"

पलीकडून बायको म्हणाली, "मग मध आणताय ना?"

*

पाटणादेवीला वैशाली एका हिरव्या वेलीचा क्लोजअप घेत होती. चेहरा वीतभर अंतरावर. तेवढ्यात वेलीने जीभ बाहेर काढली!

वैशाली श्वास रोखून तसूतसूने मागे आली. पांढरीफटक. फोटो पाहिला तर पार धूसर.

"साप हलला वाटतं," मी म्हणालो.

"साप शांत होता. मीच हलत होते!"

*

साक्रीच्या पलीकडे डोंगरात एक जुनं दगडी देऊळ आहे. गावातले एक आबा ते दाखवायला आमच्यासोबत आले होते. नानांना कळसासकट अख्खं देऊळ फ्रेममध्ये हवं होतं. डोळा कॅमेऱ्याला, पाऊल मागे. आणि मागे कठडा नसलेली खोल विहीर!

आम्ही देवळाच्या पायरीवर, लांब. मी ओरडणार तोच आबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"वरडू नको! दचकीसन पडी जाई."

नाना आणखी एक पाऊल मागे. विहीर आता दोन पावलांवर. वैशालीने डोळे मिटले.

आबा सावकाश जाऊन उन्हातल्या खांबाला टेकून बसले आणि डोक्यावरचा लाल फेटा सोडायला लागले. काळ्या दगडावर लाल कापडाचे पीळ उलगडत गेले.

नाना देऊळ विसरले! "आबा, थांबा, तस्संच राहा!" म्हणत धावत पुढे आले. खटाखट फोटो.

आबांनी फेटा परत बांधायला घेतला, पण तीनदा गुंडाळूनही पीळ बसेना. तो तसाच मांडीवर ठेवून ते म्हणाले,

"फोटू भेटी गया ना, भाऊ? आते जरा मांगे देख."