शेजार आला की काका निघायचे

अमेरिकेतलं सनीव्हेल सोडून आम्ही तिथल्याच वाळवंटी भागातल्या चँडलरला आलो तेव्हा माझी नोकरी नुकतीच गेली होती. नवरा सकाळी कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत जायचा आणि मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. कुणीतरी म्हणालं, इथल्या सगळ्यात जुन्या मराठी काकांना बाजाराला नेणारं कुणीतरी हवंय, डोळ्यांमुळे त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालंय. मी लगेच हो म्हटलं. मलाही घराबाहेर पडायला निमित्त हवंच होतं.

काका पंचाहत्तरी ओलांडलेले. तरुणपणी आपल्या लष्करात इंजिनिअर होते, बांगलादेशच्या लढाईच्या वेळी पश्चिम सीमेवर. नंतर शिकायला म्हणून इथे आले ते राहिलेच. तेव्हा इथे कापसाची शेतं होती, गाईंचे गोठे होते आणि मराठी बोलायला फक्त काकू. त्यांनी गावाच्या टोकाला घर बांधलं. आजूबाजूला घरं उठली, तसं ते विकून आणखी पुढे गेले. मग तिथूनही. काकू गेल्यावर तर त्यांनी वाळवंटात जमीन घेतली आणि तिच्यावर राहण्यासाठी एक जुना ट्रेलर, चाकांवरचं घर, आणून उभा केला. वीज सोलरची, पाणी टँकरचं.

दर शनिवारी मी त्यांना आणायला जायचे. गाडीत त्यांचा पाय सतत हलायचा. दुकानात रांग थोडी लांबली की भरलेली कार्ट तिथेच सोडून ते बाहेर.

एकदा मी वैतागले. "काका, एका जागी दोन मिनिटं थांबवत नाही का हो तुम्हाला?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लढाई संपली, बाकीचे घरी गेले. आम्हाला मागे ठेवलं, पंजाबातल्या शेतांमधले सुरुंग काढायला. कुणी पेरलेत, कुठे पेरलेत, धड पत्ता नाही. दिवसभर गुडघ्यांवर. माझ्याबरोबर साताऱ्याचा एक जण होता. दुपारी म्हणाला, 'साहेब, जरा टेकतो.' बांधावर बसला." काकांचा पाय हलतच होता. "चालताना काही झालं नव्हतं गं त्याला."

त्या दिवशी त्यांना सोडून मी घरी आले आणि मलाच खुर्चीवर बसवेना.

मे महिन्यात ऊन भयंकर वाढलं. एका शनिवारी गेले तर काका ट्रेलरच्या सावलीत आडवे पडलेले. टाकी गळून रिकामी झाली होती आणि मला फोन करायचा सोडून ते ती दुरुस्त करत बसले होते. अँब्युलन्स बोलावली. दुसऱ्या दिवशी पार पूर्व किनाऱ्याकडच्या श्रूजबरीहून त्यांची मुलगी आली.

"बाबा, बस झालं आता. आय कान्ट डू धिस. तुम्ही माझ्याकडे येताय."

काका आठवड्याभरात गेलेसुद्धा.

मग तिथून त्यांचे फोन सुरू झाले. "इथे झाडंच झाडं आहेत. लांबचं काही दिसत नाही." "हिच्या घराला दारं फार." मी मुलाखती देत होते, नकार घेत होते आणि त्यांच्या फोनची वाट बघत होते.

जानेवारीत मुलीचा फोन आला. आवाज रडवेला. "काल न सांगता बाहेर पडले. पोलिसांनी शोधून आणलं, बर्फात चालत होते. काय करू? लॉक करून ठेवू का बाबांना?"

मी म्हटलं, "उन्हाळा तुझ्याकडे, थंडी इथे त्यांच्या ट्रेलरमध्ये. असं करून बघूया?"

"आणि तिथे कोण बघणार त्यांच्याकडे?"

"मी आहे," म्हटलं मी. विचार न करताच. खरं तर सनीव्हेलच्या एका कंपनीशी माझं बोलणं चालू होतं. दोन दिवसांनी मी कंपनीला नाही म्हणून कळवलं. नवऱ्याला नंतर सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात मी एअरपोर्टवर उभी होते. मुलीने व्हीलचेअर बुक केली होती. काका दारातून आले ते भराभर चालत. व्हीलचेअरवाला रिकामी खुर्ची ढकलत मागे पळत होता.

"गाडी कुठे लावलीयस?" एवढंच विचारलं आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता ते पुढे निघाले.