जुन्या फाइलीवर काढलेले ड्रॉइंग

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांसमोर येतो तो माझ्याच हातातला अर्धा कोरा कागद. नव्वदीचे दशक नुकते सुरू झाले होते आणि मी अंबरनाथला उपनिरीक्षक होतो. तोवर मी सायकली, भांडी, तांब्याची तार, एकदा तर सहा कोंबड्या, अशा चोऱ्यांच्या फिर्यादी लिहून घेतल्या होत्या. ‘चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन’ लिहिताना रंग, वजन, खुणा विचारायच्या, हे अंगवळणी पडले होते. त्या गुरुवारी समोरचा गृहस्थ म्हणाला, “साहेब, माझं ड्रॉइंग चोरलंय,” आणि मी सवयीने विचारले, “कागद केवढा होता?”

“कागद नाहीच. फाइल होती. कॉम्प्युटरमधली.”

आता वर्णनात काय लिहायचे, हे विचारायला मी ठाणे अंमलदाराकडे पाहिले. तो आधीच छताकडे बघत होता.

हे गृहस्थ एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचे मालक होते. प्लास्टिकचे सुटे भाग ज्यात तयार होतात ते लोखंडी साचे त्यांच्याकडे बनत. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या साच्याचे ड्रॉइंग दोन महिने चालू होते. सोमवारी गिऱ्हाइकाचा इंजिनिअर ते बघायला येणार होता, म्हणून मालकांनी त्या गुरुवारी सकाळीच फाइल उघडायला लावली. नाव तेच, आत मात्र कुठल्याशा पंपाचे झाकण! दर शनिवारी फाइलींची एक प्रत फ्लॉपीवर काढून ठेवत. त्या फ्लॉपीवरही झाकणच निघाले.

“तुमचा संशय कुणावर?”

“कॉम्प्युटर चालवणारी एकच पोरगी आहे. खरवईची. तिनं विकलं, आणि इथलं पुसून टाकलं.”

मी लगेच गुन्हा नोंदवला नाही. अर्ज चौकशीवर ठेवला आणि स्टेशन डायरीत तशी नोंद केली. चोर सापडण्याआधी निदान काय चोरीला गेले ते तरी मला कळायला हवे होते.

त्याच दुपारी माझा एक खबरी आला. टेम्पो चालवायचा आणि जगाच्या उठाठेवी करायचा. मी विषय काढताच तो म्हणाला, “साहेब, ती कंपनीवाली पोरगी ना? सोमवारपासून तीन दिवस बघतोय. सुटली की डायरेक्ट शेजारच्या गावात, कॅम्प दोनला. एका सिंधी शेटचं कॉम्प्युटर रिपेरचं दुकान आहे. पर्समधून चौकोनी डबी काढते, शेट मशीनमध्ये घालतो, दोघं डोकं लावून बसतात. काहीतरी लफडा आहे, सांगतो ना.”

कारखान्यातली फ्लॉपी बाहेर न्यायची नाही, असा तिथला नियम होता. मुलगी तो मोडत होती. सगळे धागे जुळत होते, आणि खरे सांगायचे तर मला आनंदच झाला.

शुक्रवारी सकाळी मी तिला ठाण्यात बोलावले. तेवीस-चोवीस वर्षांची, किडकिडीत, ओढणीचे टोक बोटाला गुंडाळणारी. सोबत वडील आले होते, ते बाहेरच्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसले. महिला शिपाई शेजारी बसवून मी प्रश्न सुरू केले. फ्लॉपी नेलीस का? “हो.” कशासाठी? गप्प. ड्रॉइंग कुणाला दिलेस? “कुणालाच नाही.” मग गेले कुठे? गप्प.

चार तासांत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणाली. “चूक माझी आहे, साहेब. चोरी नाही.”

“अगं, कसली चूक ते तरी सांग.”

त्यावर ती मान खाली घाली. खोटे बोलणारी माणसे माझ्या अनुभवात जास्त बोलतात. न विचारलेलेही सांगतात, आई-मुलांच्या शपथा घेतात. ही मुलगी त्यात बसत नव्हती, पण हे मला कळले तरी वळले नाही. मी आवाज चढवला. बाहेर वडिलांच्या हातातला डबा वाजला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तेवढ्यात दारात एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. “जय भीम, साहेब. मी त्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. बुवापाड्याला राहतो.” तीस वर्षे ते ड्रॉइंग बोर्डावर हाताने काम करीत आले होते. रविवारी वस्तीतल्या विहारात मुलांना चित्रकला शिकवत. निवृत्तीला आठ महिने उरले असताना मालकांनी त्यांनाही कॉम्प्युटरसमोर बसवले होते, आणि जो शिकणार नाही त्याला ठेवणार नाही, असे सगळ्यांदेखत सुनावले होते. शिकवायला हीच मुलगी. ती त्यांना काका म्हणायची.

“पोरगी सोन्यासारखी आहे, साहेब. तिला कशाला बसवलंय? त्या फाइलीत सापडलेलं झाकण माझं आहे. मी ते काढून त्याला त्याचा नंबर दिला होता. कुणीतरी ते उचलून साच्याच्या नावाखाली नेऊन ठेवलं. ज्यानं हे केलं त्याला सोडू नका!”

त्यांच्या शेवटच्या वाक्याला मुलीने डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटले, चोराच्या मनात चांदणे. इतका शहाणा होतो मी तेव्हा.

दुपारी तिला वडिलांबरोबर घरी पाठवले आणि कॅम्प दोन गाठले. दुकान कसले, दोन टेबले आणि सुट्या भागांचा ढिगारा. शेटजींनी घाबरण्याऐवजी मलाच खुर्ची दिली.

“चोरी? अरे साईं, वो तो फाइल बचाने आती थी! रोती थी बेचारी. मैंने तीन दिन कोशिश किया. फाइल के ऊपर फाइल चढ़ गई है. नीचेवाली गई. अब भगवान भी नहीं निकालेगा.”

“वर चढली म्हणजे?” त्यांनी एका हातावर दुसरा हात ठेवून दाखवला. मला काही कळले नाही, पण फ्लॉपीची त्यांनी करून ठेवलेली प्रत ताब्यात घेऊन पावती दिली. विकायला आलेले माणूस रडत नाही, एवढे मात्र मला समजत होते.

शनिवारी सकाळी आमच्या ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी मला बजावले, “मालक वरपर्यंत ओरडतोय. संध्याकाळपर्यंत काय ते ठरव. अटक करायची तर कर.” खरवईच्या नव्या इमारतीत, जिथे शेजाऱ्यांची अजून नीट ओळखही झालेली नव्हती, तिथे त्या मुलीच्या दारात पोलीस गाडी उभी राहणार होती. नंतर ती निर्दोष सुटली असती तरी लोकांनी गाडीच लक्षात ठेवली असती.

मी मुलीला घेऊन कारखान्यात गेलो. कॉम्प्युटरच्या खोलीला एसी, आणि देवळासारखे बाहेरच बूट काढायचे. माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते, ते सरकारी तपासात उघड झाले. काका मागे उभे राहिले, मालक दारात.

“मला शिकव,” मी मुलीला म्हणालो. “नवी फाइल कशी करतात, जुनी कशी उघडतात. मी अगदी ढ आहे असं समज. समजायची गरजही नाही म्हणा.”

ती पहिल्यांदा किंचित हसली. काळ्या पडद्यावर आकडे आणि पुढे इंग्रजी ओळी आल्या. “एक दाबलं की नवीन ड्रॉइंग सुरू होतं. दोन दाबलं की जुनं उघडतं. मग नाव टाकायचं, आठ अक्षरांच्या आत. काम झालं की सेव्ह. मशीन नाव विचारतं, आणि उघडलेल्या फाइलीचंच नाव समोर ठेवतं. नुसतं एंटर केलं की त्याच नावावर बसतं.”

मग तिने सगळ्या फाइलींची यादी दाखवली. प्रत्येक नावापुढे तारीख आणि वेळ होती. मी खुर्चीत सरळ बसलो. ही तर आमची स्टेशन डायरीच! “ही वेळ कसली?”

“शेवटचं सेव्ह केलं ती.” तिचा आवाज एकदम बारीक झाला.

साच्याच्या फाइलीपुढे आधीच्या आठवड्यातला शुक्रवार होता, दुपारचे चार वाजून काही मिनिटे. मी हजेरीपट मागवला. त्या शुक्रवारी मुलगी रजेवर होती, आईला दवाखान्यात घेऊन गेली होती. मालकांना कॉम्प्युटर सुरू करायलाही येत नव्हते. मी मालकांना हजेरीपटाची सही-शिक्क्यानिशी नक्कल करून आणायला पाठवले. नकलेची घाई नव्हती, पण पुढचे त्यांच्यासमोर नको, असे मला वाटले.

“काका, आता तुम्ही बसा. समजा मला एक नवीन झाकण हवंय. सुरू करा.”

काकांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि दोन दाबले. जुन्या एका ड्रॉइंगचे नाव टाकले. ते पडद्यावर आले.

“काका, नवीन म्हणालो मी.”

“नवीनच करतोय, साहेब. खाली जुनं असल्याशिवाय वर काय काढणार?” त्यांना माझ्या अडाणीपणाची कीव आली असावी. “बोर्डावर जुना कागद लावायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर. चौकट, भोकं, स्क्रू, जे सारखं आहे ते वरून उतरवायचं. बाकीचं आपलं. उजव्या कोपऱ्यात नवीन नंबर टाकला की नवीन ड्रॉइंग झालं. खालच्या कागदाला धक्कासुद्धा लागत नाही. तीस वर्षं असंच करतोय.”

बोलता बोलता त्यांनी पडद्यावरच्या नको त्या रेघा पुसल्या, कोपऱ्यातला नंबर बदलला, आणि सेव्ह करून एंटरकडे बोट नेले. मुलीने पटकन त्यांचा हात धरला.

मी विचारले, “काका, खालचा कागद इथं कुठं आहे?”

त्यांनी पडद्याकडे पाहिले, काचेला बोट लावले. मग मुलीकडे वळले. “पोरी, खाली आहे ना ते?”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागले. “काका, इथं एकच कागद असतो.”

काकांचा हात अजून तिच्या हातात होता. ते म्हणाले, “आणि मीच म्हणालो, त्याला सोडू नका.”

मी तिला विचारले, पहिल्या दिवशीच का नाही सांगितलेस? ती म्हणाली, “सोमवारी झाकण बघताच कळलं, काकांच्या हातून झालंय. पण मी नवीन होते तेव्हा एक माप चुकवलं होतं. अख्खा लोखंडाचा ठोकळा वाया गेला. काका मालकांना म्हणाले, तपासणारा मी होतो, चूक माझी. साहेब, शनिवारी फ्लॉपीवर प्रत मी काढली, तीसुद्धा आत न बघता. जुन्या प्रतीवर हीच चढली. तपासायचं काम माझं होतं. मग चूक कुणाची?”

चार तास ती मला खरे तेच सांगत होती. मी तिला म्हणालो, “बाई, तुला बसवून ठेवलं ही माझी चूक.” आमच्या खात्यात हे वाक्य फारसे वापरात नाही, त्यामुळे ते मला नीट म्हणताही आले नाही.

काका उठले, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि थेट मालकांसमोर उभे राहिले. “ड्रॉइंग मी पुसलं. अजाणता, पण मीच. पोरीचा संबंध नाही.” मालकांनी ओरडायला तोंड उघडले. काका शांतपणे म्हणाले, “मला कामावरून काढायचं तर मग काढा. आधी माझा बोर्ड द्या. सोमवारी ड्रॉइंग मिळेल.”

बोर्ड अडगळीत खोक्यांखाली होता. तो काढला, पुसला. साच्याची मापे काकांच्या डोक्यात आणि त्यांच्या जुन्या वहीत होती. शनिवारची दुपार आणि अख्खा रविवार ते उभे राहून काढत होते आणि मुलगी ते बघून कॉम्प्युटरवर चढवत होती. रविवारी माझे तिथे काही काम नव्हते. तरी मी गेलो. तिचे वडीलही होते, तोच डबा घेऊन, पण आता तो उघडलेला होता आणि त्यातली भाकरी चौघांत वाटली गेली.

तिने नवी फाइल मुद्दाम काकांना सुरू करायला लावली. “एक दाबा, काका.” त्यांनी एक दाबले. पडदा कोरा झाला. काका त्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले. “उभ्या जन्मात कोऱ्यावर सुरुवात केली नव्हती,” ते म्हणाले. “भीती वाटते गं.” ती म्हणाली, “मी आहे ना.”

सोमवारी इंजिनिअर ड्रॉइंग बघून खूश होऊन गेला. मालकांनी गैरसमजातून अर्ज दिल्याचे लिहून दिले आणि मी तो दप्तरी दाखल केला. काका उरलेले आठ महिने काम करून निवृत्त झाले.

पुढच्या नोकरीत कुणी गप्प बसले की मी आवाज चढवण्याआधी एक विचार करू लागलो. हा माणूस स्वतःला झाकतोय, की आणखी कुणाला? या एका प्रश्नाने मला पुढे किती चुकीच्या अटका करण्यापासून वाचवले, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

त्या ड्रॉइंगची कडेला फाटलेली एक प्रत काकांनी मला दिली. ती माझ्या कपाटात आहे. त्यातली एकही रेघ मला कळत नाही. मी फक्त उजवा खालचा कोपरा बघतो. तिथे दोन चौकोन आहेत. पहिल्यात, ‘काढणार’पुढे, काकांची सही आहे. दुसरा चौकोन ‘तपासणार’चा. त्या कारखान्यात तो तीस वर्षे काकांचाच होता. तिथे त्या मुलीची सही आहे, आणि सही नेमकी कुठे करायची ते दाखवायला काकांनी पेन्सिलीने काढलेली एक बारीक फुली.