सलीमभाईंच्या मागच्या खोलीतलं हवामान

"हौ, हौ... एक तारीख कू चितेगाव. नाझनीन भी आएगी, उसीच कंपनी में... ॲप का तो अब..."

एवढं कानावर पडलं आणि सलीमभाईंचं दार बंद झालं! मी जिन्यात दुधाची पिशवी घेऊन उभी. आता सांगा, माणसानं पुढचं काय समजायचं? मी जे समजायचं ते समजले, आणि दूध तापायला ठेवायच्या आत तीन मजल्यांवर सांगूनही आले.

मला कान द्यायची सवय आहे, नाकारत नाही. पण आमचा जिनाच तसा आहे. रद्दी साठली तर भंगारवाल्याला देता येते. किस्से साठले तर कुणाला द्यायचे? म्हणून म्हटलं, लिहून मोकळं व्हावं.

सलीमभाई म्हणजे चिकलठाण्यातल्या आमच्या बिल्डिंगमधले समोरचे शेजारी. मंडपाचा धंदा, गोदाम छावणीत. त्यांची मुलगी नाझनीन कॉम्प्युटर शिकलेली, चितेगावच्या एका कंपनीत नोकरीला होती. ती नोकरी सोडली आणि कॉलेजातल्या मैत्रिणीला, प्राजक्ताला घेऊन घराच्या मागच्या खोलीत हवामानाचं ॲप बनवायला बसली. सलीमभाई पोरीला नाही म्हणणारे नव्हेत, पण त्यांनी अट घातली. "ईद के बाद की पहली तारीख तक मेरा एक मंडप इसके भरोसे पे खडा हुआ, तो खोली तुम्हारी. नइ हुआ, तो वापस चितेगाव."

"मंजूर," नाझनीन म्हणाली. म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून पोरगी चहासुद्धा उभ्यानं पिऊ लागली.

आणि मी? मी टेस्टर! म्हणजे ॲप आधी माझ्या मोबाईलवर टाकायचं आणि मी चुका सांगायच्या. नववी पास बाईला असं काम कुणी दिलं असतं? चुका काढायची तर मला लग्नाआधीपासून प्रॅक्टिस!

•

पहिल्याच दिवशी आकडा आला ३०५. मी चष्मा पुसला. तरी ३०५. समोर जाऊन दाखवला, तर सलीमभाई म्हणाले, "भाभी, इत्ते में तो नान सिकती!"

प्राजक्तानं समजावलं. हवामानाची माहिती बाहेरच्या एका सेवेकडून येते, ती शास्त्रज्ञांच्या मापात येते. त्यातून २७३ वजा केले की आपलं तापमान.

दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं. उणे २४१!

झालं होतं असं, की रात्रभर डोक्यात तेच, म्हणून प्राजक्तानं सकाळी उठून तिच्या घरून २७३ वजा केले. आणि नाझनीननं इकडून २७३ वजा केले. एकीनं दुसरीला सांगितलंच नाही. मी म्हटलं, "अगं पोरींनो, आमटीत मीठ कुणीतरी एकीनंच घालायचं असतं!"

नाझनीननं ते वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. आणि आठवड्यानं त्यांना कळलं की त्या सेवेला नुसतं सांगितलं, तर ती आपल्या मापातच पाठवते. वजाबाकीची गरजच नव्हती. म्हणजे हॉटेलात तिखट जाळ रस्सा मागवायचा आणि घरी आणून त्यात पाणी घालायचं, त्यातली गत. आधीच "कमी तिखट" सांगा की!

•

गच्चीवर माझ्या मिरच्या वाळत होत्या. ॲपनं सांगितलं, जोराचा पाऊस सुरू आहे. मी पदर खोचून गच्चीवर पळाले, सगळ्या मिरच्या चादरीत गोळा केल्या, तीन मजले उतरवल्या, आणि मग लक्षात आलं की आपण घामानं भिजलोय, पावसानं नाही. वर ऊन रणरणत होतं.

पाऊस पडत होता, पण बिहारच्या औरंगाबादेत!

आपल्या शहराचं जुनं नाव टाकलं की ती सेवा बिहारला जायची. नवीन नाव टाकलं की म्हणायची, असं शहर सापडत नाही. पोरी दोन दिवस डोकं धरून बसल्या. मी मिरच्या परत गच्चीवर नेता नेता खोलीत डोकावले. "अगं, कुरिअरवाला कधी नावावर येतो का? आपल्याच बिल्डिंगमध्ये दोन कुलकर्णी. तो बिचारा म्हणतो, लोकेशन पाठवा."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग प्राजक्ता म्हणाली, "काकू, बसा. चहा घेऊनच जा."

तेव्हापासून ॲप नाव विचारत नाही. नकाशावरचे अक्षांश-रेखांश पाठवतं आणि नेमकं इथलं ऊन आणतं. चहा चांगला होता.

•

रोजे सुरू होते तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, सलीमभाई पंख्याखाली आडवे झालेले. मोबाईल वाजला. ॲपचा निरोप: "सूर्यास्त झाला. १ वाजून २ मिनिटे."

सलीमभाई उठून बसले. "नाझनीन, खजूर ला बेटा! तेरे ॲप ने रोजा खोल दिया!"

नाझनीनला हसावं की रडावं कळेना. आधी रडून घेतलं, मग कारण शोधलं. ती सेवा लंडनकडचं घड्याळ लावून बसलेली. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढं. सूर्य मावळणार होता संध्याकाळी साडेसहाच्या सुमारासच, पण आकडा आला तिकडचा. त्यामुळं दुपारी एकनंतर ॲपवर चंद्र दिसायचा! वेळ आणताना त्या गावच्या घड्याळाचा फरकही सोबत मागायचा असतो, तो त्यांनी मागितला आणि चंद्र वळणावर आला.

सलीमभाई मात्र पुढं आठ दिवस दुपारी एक वाजला की आतून हाक द्यायचे, "बेटा, सूरज डूबा? मगरिब हुई क्या?"

•

एक चूक माझ्याकडून झाली, तीही सांगून टाकते. मला वाटलं, ॲप जितक्या वेळा खाली ओढून सोडावं तितकं ते खरं सांगतं. भाजी चिरता चिरता ओढायचं. कुकरची शिट्टी झाली की ओढायचं. आमच्या ह्यांनी आंघोळीला पाणी मागितलं तरी आधी ओढायचं.

एक दिवस सकाळी आठलाच सगळ्यांचं ॲप बंद. पोरींनी तपासलं. त्या सेवेकडं दिवसाला ठरावीक वेळाच विचारता येतं. तो सगळा कोटा एकाच मोबाईलनं संपवला होता.

"काकू," नाझनीन हळूच म्हणाली, "ऊन इतक्या लवकर नाही बदलत."

मग त्यांनी सोय केली. एकदा आणलेलं उत्तर दहा मिनिटं डब्यात झाकून ठेवायचं आणि कुणी विचारलं की तेच वाढायचं. छान! फक्त डब्यावर वेळ लिहायला विसरल्या. दोन दिवस मी परवाचं ऊन बघून कपडे वाळत घालत होते! नंतर लिहिली.

पण कोट्याची धास्ती बसली ती बसलीच. म्हणून पुढं पोरी स्वतःच्या तपासणीसाठी त्या खऱ्या सेवेला विचारायच्याच नाहीत. एका पावसाळी दिवसाचं उत्तर साठवून ठेवलं होतं, त्याच्यावरच सगळं घासून बघायच्या.

•

दुसरी चूकही माझीच. पोरींचं कौतुक म्हणून मी त्यांचा लॅपटॉपसकट फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "आपल्या बिल्डिंगच्या लेकी!" बदाम, फुलं, सगळं टाकलं.

पाच मिनिटांत प्राजक्ता धावत आली. त्या सेवेची जी गुप्त किल्ली असते, आकड्या-अक्षरांची लांबलचक, ती फोटोत ठळक दिसत होती.

"काकू, तुम्ही घराची चावी गेटवर टांगलीत!"

"अगं पण तू तरी चावी दिवाणखान्यात कशाला ठेवलीस?" मी म्हटलं. सलीमभाई आतून म्हणाले, "भाभी की बात में वजन है!"

नवी किल्ली घेतली, वेगळ्या फाईलीत लपवली. आता मी खोलीत गेले की प्राजक्ता आधी स्क्रीन झाकते. जावईसुद्धा इतकं जपून वागत नाहीत.

•

आणि मग आली ती एक तारीख.

आठ दिवस अवकाळीची ये-जा चालली होती. त्याच आठवड्यात सलीमभाईंनी विचारलं होतं, "पानी आएगा तो बोलता, कित्ता आएगा वो भी बोलता क्या?" म्हणून पोरींनी घाईनं पावसाचा आकडाही ॲपमध्ये घातला होता.

सकाळी टेम्पो दारात. निम्म्यात बांबू आणि कनाती, वरून ताडपत्र्यांचे गठ्ठे. आकाश धड काळं नाही, धड निळं नाही. सलीमभाई म्हणाले, "देख बेटा, तेरा ॲप क्या बोलता."

नाझनीननं ॲप उघडलं. उघडलं, पांढरं झालं, बंद! परत उघडलं. बंद! माझ्या मोबाईलवरही तेच; किल्लीच्या भानगडीनंतर मी ते उघडलंच नव्हतं. नाझनीनचा चेहरा उतरला. प्राजक्ता तिथंच जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. मला तर जिन्यात ऐकलेलं आठवलं, पोरगी चालली परत त्या नोकरीला. संपलं म्हटलं सगळं.

सलीमभाईंनी स्वतःच्या मोबाईलवर बघितलं. त्यांचंही बंद. मोबाईल खिशात टाकला आणि ड्रायव्हरला ओरडले, "ताडपत्री उतारो रे! खुला मंडप लगेगा!"

"अब्बू, ॲप बंद है!" नाझनीन रडकुंडीला आली.

"बंद है, इसीच लिए तो!" सलीमभाई म्हणाले. "आठ दिन से देख रऊं मैं. पानी आने का रहा तो चलता, नइ आने का रहा तो बंद पडता. एक दफा गलत नइ हुआ. मैं समझा तुम लोगां ऐसाच बनाए!"

पायरीवरून प्राजक्ता किंचाळली. "सापडलं!" पाऊस येणार नसेल, तर ती सेवा पावसाचा रकानाच पाठवत नाही. शून्यसुद्धा नाही. आणि आमचं ॲप त्या आकड्याची वाट बघत कोलमडायचं. यांनी तपासलं होतं ते साठवलेल्या पावसाळी दिवसावर, त्यात कसं सापडणार? म्हणजे मराठवाड्यात वर्षातले दहा महिने बंद राहील, असं ॲप बनवलं होतं पोरींनी!

पण मंडप त्याच्याच भरवशावर निघाला, ते काही खोटं नाही. न राहवून मी विचारलंच, "सलीमभाई, टेम्पो कुठं चाललाय?"

"चितेगाव. नाझनीन की पुरानी कंपनी का सालाना जलसा है. फोन पे उनको बोल दिया था मैंने, बेटी भी साथ आएगी, ॲप का तो अब उधरीच फैसला होगा."

घ्या! एक तारीख खरी, चितेगाव खरं, कंपनी तीच, नाझनीनही गेली. फक्त नोकरीला नाही, बापाशेजारी टेम्पोत बसून गेली. मी परत तीन मजले चढले. वर सांगायला एकदा आणि सुधारायला एकदा, गुडघे माझेच.

संध्याकाळपर्यंत एक थेंब पडला नाही. टेम्पो परतला तो पोरींच्या खोलीत साठवलेल्या मंडपाच्या जुन्या गाद्या आणि खुर्च्या उचलून छावणीच्या गोदामाकडं गेला. खोली आता पोरींची. नाझनीननं त्या दिवशी चहा बसून प्यायला, दोन कप.

दुपारीच प्राजक्तानं दुरुस्ती करून टाकली होती. रकाना आला नाही तर शून्य समजायचं, एका ओळीचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आकाश काचेसारखं स्वच्छ, आणि माझ्या दाराची बेल. सलीमभाई मोबाईल धरून उभे, कपाळाला आठ्या.

"भाभी, जरा बच्चियों कू पूछो तो, ये कौन बिगाडा? कल तक तो बराबर बंद पडता था!"