ललिताबाईंचे धडे

कापडे गावची गौतमी महाडला एका वकिलांकडे टायपिंग करते. उरलेल्या वेळात ती लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीवरच्या एका प्रोग्रामचं पॅकेज सांभाळते. परदेशातला मूळ लेखक नवी आवृत्ती काढतो. गौतमी ती तपासते, लिनक्सवर नीट बसेल अशी बांधते आणि पुढे पाठवते. मग ती लोकांच्या संगणकावर पोचते. यात पगार नाही.

"मग करतंस कशाला गो?" आई, बयाबाई, अजून विचारते.

टायपिंग शिकवणारा हा प्रोग्राम. त्याच्यावरच गौतमी शिकली, दहावीनंतर, एसटी डेपोमागच्या ललिताबाईंच्या क्लासात. त्यात मराठी धडे नव्हते, म्हणून बाईंनी स्वतः लिहून लेखकाला पाठवले आणि त्यानं घेतलेही. वाक्यं इथलीच: 'वीर स्टेशनला उतरलो, रिक्षा मिळाली नाही.' 'ळ' बोटात बसावा म्हणून 'काळी म्हैस तळ्यात लोळली'. त्या म्हशीपाशी आले की सगळे खिदळायचे आणि बाई खोटंखोटं रागवायच्या.

गेल्या पावसाळ्यात नवी आवृत्ती आली, तिच्यात मराठी धडेच नव्हते. लेखकानं धड्यांची रचना बदलली होती. मराठी धडे नव्या रचनेत कुणी आणले नाहीत, म्हणून ते गळले. जुनी आवृत्ती ठेवावी, तर तिच्यातले दोषही तसेच राहणार.

गौतमीनं बाईंना फोन लावला. बाई आता मुलाकडे पनवेलला असतात.

"बाई, तुमचे धडे काढून टाकलेत."

"अजून होते का गं ते? मला वाटलं, कधीच गेले असतील."

"परत घालते मी."

"घाल. पण ती म्हैस काढ हं. लाज वाटते आता."

"ती नाही काढायची!"

बाई खूप हसल्या. मग बराच वेळ क्लासातल्या गोष्टी निघाल्या.

सुट्टीच्या दिवशी पडवीत बसून गौतमीनं एकेक धडा नव्या रचनेत आणला आणि लेखकाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'हे कुणी वापरतं याची मला कल्पना नव्हती. पुढच्या आवृत्तीत घेतो.' दिवाळीनंतर ती आवृत्ती निघाली.

पॅकेज बांधून झाल्यावर तिनं शेवटचा धडा उघडला. त्यात बाईंनी क्लासातल्या मुलांची नावं घातली होती. ती टाईप करू लागली. चांगू भिवंडीला असतो, सेजल पुण्याला. प्रितम कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. स्वतःच्या नावापाशी तिचं बोट चुकलं. पुसून तिनं ते पुन्हा लिहिलं, आणि पॅकेज पाठवून दिलं.