शिसवी गिटारचा दसरा

पन्नाशीला टेकलेल्या बाईने गिटार वाजवायला शिकावं, हे लोक समजून घेतात. मी गिटार बनवायला शिकत होते, ते कुणाच्याच पचनी पडेना. माझ्या नोकरीमुळे मिळालेल्या, दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमची सून रविवारी मानेसरला सुतारकामाला जाते." पाहुणे चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहायचे.

मानेसरचे माझे मास्टरजी पूर्वी मोटारींच्या कारखान्यात लाकडी साचे करायचे. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या वरच्या खोलीत गिटारी करायला घेतल्या. मेट्रो, मग शेअर ऑटो, असे आठ महिन्यांचे रविवार मी त्या खोलीत घालवले. गिटारचा वरचा तक्ता इतका पातळ तासायचा की बोटाने ठोकल्यावर घुमला पाहिजे, पण तारांच्या ताणाने फाटता कामा नये. म्हणून त्याला आतून बारीक पट्ट्या चिकटवतात. खरं कसब त्या पट्ट्यांत असतं, आणि पाठ चिकटवून गिटार बंद झाली की त्या कुणाला दिसतसुद्धा नाहीत. मास्टरजींनी माझ्या पट्ट्या तीनदा उखडल्या. तिसऱ्यांदा मी भांडलेच. ते शांतपणे म्हणाले, "मैडम, ये फाइल नहीं है. इसमें गलती बोलती है."

दसऱ्याच्या आठवडाभर आधी गिटार घरी आली. शिसवी पाठीची, माझ्या हातची पहिली. ती पलंगाशेजारी उभी करून मी माझ्या नेहमीच्या सुरात हुकूम सोडला की हिला कुणीही हात लावायचा नाही. "बिल्कुल नाही लावणार," सासूबाई म्हणाल्या. दसऱ्याला त्यांनी पूजेत विळी, सुऱ्या, गाडीची किल्ली, माझा लॅपटॉप, सगळं मांडलं. गिटारचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाजवायला बसले, तर तिसऱ्या तारेवर एक सूर लावला की आतून झर्र आवाज यायला लागला. फक्त एकच सूर. बाकी सगळे स्वच्छ. म्हणजे पट्टी सुटली. आठ महिने खपून केलेली गिटार पंधरवडाही टिकली नाही. हे काम आपल्या हातचं नाही, असं मला वाटलं, आणि ते वाक्य मला सासूबाईंच्या आवाजात ऐकू आलं.

रविवारी मास्टरजींनी भोकातून हात घालून पोचतील तेवढ्या पट्ट्या दाबून पाहिल्या. सगळ्या घट्ट होत्या. "दूर वाली छूटी होगी. पीछे का तख्ता खोलना पड़ेगा," म्हणत त्यांनी सरस सोडवायची पातळ सुरी शेगडीवर तापत ठेवली. एकदा उघडलेली पाठ परत लावली तरी पहिल्यासारखी बसत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मला रडू येत होतं. रडू आलं की मी चिडते. चिडूनच मी त्यांचा छोटा आरसा उचलला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि एकेक पट्टी पुन्हा बघायला लागले. पार टोकाच्या पट्टीला एक लाल ठिपका चिकटलेला दिसला.

"कीड़ा है क्या?" मास्टरजींनी विचारलं.

किडा नव्हता. ती अक्षता होती. कुंकवात भिजवलेला तांदूळ ओला असताना आत पडून पट्टीला चिकटला होता आणि तिथेच वाळला होता. त्याचं एक टोक मोकळं होतं. नेमका तो सूर लागला की तेच थरथरत होतं. लांब सुईने तो पाडला आणि गिटार उलटी करून हलवली, तर त्याच्यामागोमाग झेंडूची एक पाकळीही बाहेर आली. सूर लावून पाहिला. लख्ख होता. मास्टरजींनी शेगडी बंद केली.

दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा करतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. "पूजा तो हम भी करते हैं औज़ारों की," ते म्हणाले, "पर चावल खिलाते नहीं."

घरी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी तो दाणा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो लगेच ओळखला.

"तू शेजारी सोनं द्यायला गेली होतीस ना, तेव्हा केली. कुंकू लगेच पुसलं. पॉलिशला काही झालेलं नाही."

"अहो आई, मला विचारायचं तरी."

"ओरडली असतीस."

ते खरंच होतं. मेथीची दोन पानं खुडून त्या म्हणाल्या, "बाजारातून आणलेल्या विळीची पूजा करायची आणि तू हाताने केलेली वस्तू तशीच ठेवायची? मला नाही बाई जमलं."

मी ओशाळले, आणि आनंदही झाला. गिटार आणून त्यांच्या मांडीवर ठेवली, सुराची जागा मी दाबून धरली आणि त्यांचं बोट तिसऱ्या तारेवर नेलं. त्यांनी तार छेडली. आवाज पुरता विरेपर्यंत त्या कान देऊन ऐकत राहिल्या. मग गिटारवरून पदर फिरवत म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्याला भोकावर ताटली झाकीन."