अन्नपूर्णामावशींचे चार लंगोट

बनारसला मंगला गौरीच्या गलीत जन्मलेल्या मराठी पोरांना पहिली आंघोळ अन्नपूर्णामावशींच्याच हातची. तीस वर्षं त्या घरोघर बाळंतिणींना न्हाऊमाखू घालत होत्या. ठेंगण्या, विधवा, आलवणाचा पदर कमरेला खोचलेला आणि जीभ अशी तिखट, की आमच्या गलीतले वैदिकसुद्धा बाजूला होऊन त्यांना वाट देत. बाळाला न्हाऊ घालायच्या आधी त्या त्याचा लंगोट नाकाशी नेत. आम्हा बायकांना शिसारी येई, त्यांना मुळीच येत नसे.

माझा पहिला मुलगा झाला तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि डिब्ब्यातली दुधाची पूड बनारसच्या औषधांच्या दुकानांत मिळू लागली होती. माझे यजमान नीलकंठ कॉलेजात विज्ञान शिकवत. माणूस लाख चांगला, पण छापील कागद दिसला की स्वतःची अक्कल गुंडाळून ठेवायचे. डिब्ब्याबरोबर एक पुस्तिका यायची. तीत लिहिलं होतं, निरोगी बाळाला दिवसातून एकदा, घट्ट शी होते. आमच्या बाळाला पाचसहा वेळा व्हायची, तीही पिवळी आणि पातळ. झालं! यांनी कॉलेजातून सूक्ष्मदर्शक घरी आणला, काचेवर नमुना घेतला, त्याला निळा रंग चढवला आणि डोळा लावून बसले. शेजारच्या प्रेमलाची मुलगी डिब्ब्याच्या दुधावर होती, तिचाही नमुना मागून आणला.

“तिच्या पोटात नाना तऱ्हेचे जंतू आहेत, सगळे बेताबेताने,” हे मला म्हणाले. “आपल्या बाळाच्या पोटात बघावं तिकडे एकच, काडीसारखा जंतू माजलाय. तुझ्या दुधातून विकार जातोय, बकुळ. आजपासून अंगावरचं बंद.”

मी रडले, भांडले. सासूबाई उठल्या. त्यांनी जुना पंचा फाडला आणि दूध आटावं म्हणून माझी छाती करकचून बांधली. पलीकडच्या खोलीत बाळ रडायचं आणि इकडे माझा पंचा भिजायचा. दूध एकदा आटलं तर परत येईल की नाही, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला होता. तो डिब्बा उचलून घाटावरून गंगेत भिरकावावा असा संताप यायचा.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. त्यांनी पंचा पाहिला, काही न विचारता गाठ सोडली, बाळाला आणून माझ्या मांडीवर दिलं आणि तरातरा बाहेर गेल्या.

“नीलकंठा, दही कसं लागतं ठाऊक आहे का तुला?”

“मावशी, हा शास्त्राचा विषय आहे. तुम्ही यात पडू नका.”

“तुला न्हाऊ घालताना पडले होते ना, मग आताही पडते. चांगल्या विरजणाने सगळं दूध एकसारखं लागतं. भलतंसलतं शिरलं की दह्याला तार सुटते, घाण मारतं. तुझ्या पोराच्या लंगोटाला ताकासारखा आंबूस वास आहे. प्रेमलाच्या पोरीचा हुंगलास?”

“हुंगून शास्त्र होत नाही.”

“बरं, हुंगू नकोस, बघ. पण दोन पोरं बघून निकाल देणारा तू मास्तर तरी कसला?”

हा टोला यांना बरोबर लागला. त्या दिवशी पंचा परत बांधला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चार लंगोट चार पुरचुंड्यांत बांधून घेऊन आल्या. सोवळ्याच्या घरात हे असलं सामान! सासूबाई ‘शिव शिव’ करत आत पळाल्या.

“दोन पोरं निव्वळ आईच्या दुधावरची, दोन डिब्ब्यावरची. चारी खातीपिती, खेळती,” मावशी म्हणाल्या. “कुठला लंगोट कुणाचा ते मी सांगणार नाही. तू सांग.”

हे दोन तास वाकून बसले होते. शेवटी म्हणाले, “पहिला आणि तिसरा आपल्या बाळासारखे. तोच काडीसारखा जंतू, दुसरं जवळजवळ काही नाही. बाकी दोघांत प्रेमलाच्या मुलीसारखी खिचडी.”

“पहिला आणि तिसराच आईच्या दुधावर आहेत. ती पुस्तिका कुणी छापली रे?”

“डिब्बेवाल्यांनी.”

“मग त्यांनी बघितलेली पोरंही डिब्ब्यावरचीच असणार.”

हे स्वतःवरच हसले. मला इतकं बरं वाटलं की मी बाळाला घेतलं आणि सगळ्यांच्या देखत पदराआड धरलं. तीन दिवसांत दूध पहिल्यासारखं उतरलं.

त्यानंतर हे एकदा वही घेऊन मावशींसमोर बसले. वासाचं त्यांना कसं कळलं, ते यांना लिहून घ्यायचं होतं.

“या गलीतल्या अकरा पोरांना शेवटची आंघोळही मीच घातली,” मावशी म्हणाल्या. “कुणी पाणी घातलेल्या गाईच्या दुधावर, कुणी पेजेवर, दोन डिब्ब्यावर. आजारपणात एकाच्याही लंगोटाला तो ताकासारखा वास नव्हता.”

“नावं सांगा.”

मावशींनी बोटांवर मोजत दोन नावं सांगितली आणि तिसऱ्याला त्या अडल्या. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या.

“ढुंढिराज,” सासूबाई म्हणाल्या. यांनी हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. “तुझा मोठा भाऊ. माझं दूध त्याला बाधतंय म्हणून माझ्याही छातीला पंचा बांधला होता. लिही.”