खांदेमळणीच्या दिवशीची सुई

जनावरांच्या रक्ताचे नमुने घ्यायला मी पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवर गेले, तो नेमका खांदेमळणीचा, बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळायचा दिवस. उद्या पोळा, आणि मी हातात सुई घेऊन दारात. तारीख वरून ठरून आली होती. ठरवणाऱ्याने कॅलेंडर तरी बघायचं होतं.

गोठ्यात त्या घरच्या मावशी बैलाच्या कानामागच्या गोचिडी उपटत होत्या. सणाला बैलाच्या अंगावर एकही गोचीड राहता कामा नये, हा त्यांचा नेम. उपटलेली प्रत्येक गोचीड त्या नखावर चिरडायच्या. बोटं भेगाळलेली, नखं रक्ताने माखलेली.

गोचिडीतून पसरणारा एक विषाणू असतो. जनावर ठणठणीत राहतं. माणसाला मात्र गोचिडीच्या चाव्यातून किंवा चिरडलेल्या गोचिडीच्या रक्तातून लागण झाली, की ताप येतो, रक्तस्राव होतो, जीवही जाऊ शकतो. तो जनावराच्या अंगात येऊन गेला असेल, तर रक्तात खूण सापडते. हे सगळं मी समजावून सांगितलं.

"आज बैलाला सुई न्हाई, बाई. पाप लागंल."

"मग पोळा झाल्यावर येते."

"तवा बी न्हाई. माजा बैल धडधाकट हाय."

हट्टीपणात मीही कमी नाही. पोळा झाल्यावर गेले, त्यांनी हाकललं. पुन्हा गेले. शेवटी वैतागून त्यांनीच वेसण धरली. "घ्या एकदाचं! तुमी काय पिच्छा सोडनार न्हाई."

रक्तात खूण सापडली. सांगायला गेले, तर मावशी भडकल्या. "माज्या बैलाला नावं ठिवू नका!"

"बैल सोन्यासारखा आहे," माझाही आवाज चढला. "मला काळजी तुमच्या हातांची वाटते. तुम्हीच नसलात तर त्याचे खांदे कोण मळणार?"

हातमोजे आणि चिमटा त्यांच्यापुढे ठेवून मी निघाले.

यंदा खांदेमळणीला मुद्दाम गेले. मावशींच्या हातात मोजे होते! चिमट्याने एकेक गोचीड काढून त्या साबणाच्या पाण्यात टाकत होत्या. मला इतका आनंद झाला, की हाक मारायचंही सुचेना.

बैलाचं अंग नीट चाचपून झाल्यावर त्यांनी मोजे काढले, हात स्वच्छ धुतले आणि लोण्यात हळद कालवली. तेवढ्यात मी दिसले.

"हळदीला मोजे घालनार न्हाई," त्यांनी तिथूनच बजावलं. "आदीच सांगते."

"नकाच घालू, मावशी."

मग त्यांनी दोन्ही उघडे तळवे बैलाच्या खांद्यावर टेकवले.